ह्या बाईला फोटोतनं काढा

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. दुकानात एक गृहस्थ आले, पन्नाशीचे असतील, दुधाच्या पिशवीत गुंडाळलेला जुना ग्रुप फोटो घेऊन. माझं स्कॅनिंग, लॅमिनेशन आणि फोटो फ्रेमचं दुकान आहे, कोल्हापुरात, बिंदू चौकापासनं चालत पाच मिनिटांवर, आणि पावसाळ्यात आमच्याकडं जुन्या फोटोंची गर्दी होते कारण भिंतीला ओल आली की लोकांना पूर्वज आठवतात. फोटो भारी होता. मागं रंगवलेला पडदा, महालाच्या कमानी वगैरे, पुढं खुर्च्यांवर फेटेवाले चौघे, खाली मांडी घालून पोरं, आणि उजव्या कडेला एक बाई उभी, खुर्चीच्या पाठीवर हात टाकून, सरळ कॅमेऱ्यात बघत. त्या काळच्या फोटोतल्या बायका सहसा अशा बघत नाहीत, खाली मान घातलेली असते नाहीतर घाबरलेल्या असतात. ही बघत होती.

"वास्तुशांतीला मोठा करून लावायचाय," गृहस्थ म्हणाले, "फक्त ह्या बाईला काढा तेवढं."

मी विचारलं, कोण हो ह्या? तर आमच्या पणजोबांची बहीण म्हणाले, पण नाटकात काम करायची, त्यामुळं घरात तिचं नाव कोण घेत नाही, आणि आता पावणे येणार, ही कोण ती कोण विचारत बसणार, कशाला ते. मी जास्त काय बोललो नाही, गिऱ्हाईक आहे शेवटी. आता सॉफ्टवेअर एवढं हुशार झालंय की बाईभोवती एक रेघ ओढायची आणि बटण दाबायचं, तिच्या जागी पडद्यावरची कमान वाढून येते आणि खुर्चीवरचा हात पण जातो. दहा मिनिटं लागली. तीनशे रुपये घेतले. गृहस्थ स्क्रीनवर वाकून बघत म्हणाले, "झकास. कळतच नाही कोण होतं म्हणून."

त्याच आठवड्यात आमच्या तालमीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागला, की कोल्हापूरचा हरवलेला पहिला सिनेमा 'सैरंध्री' आपण एआयवर परत तयार करायचा, जुन्या फोटोंवरनं चेहरे उचलायचे, मागं दणदणीत म्युझिक टाकायचं आणि 'सैरंध्री परत आला' म्हणून गणपतीत पडद्यावर दाखवायचा. खाली अंगठे, आगीचे इमोजी, नाद खुळा, वर्गणी कितीची. ग्रुपवर मी गप्प बसलो, सकाळी सहाला सगळ्यांची तोंडं बघायची असतात आखाड्यात, पण मला ही आयडिया पटलेली नाही आणि का पटली नाही ते सांगायला जरा जागा लागेल, म्हणून इथं लिहितोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी 'सैरंध्री'. बाबूराव पेंटर, आडनाव मेस्त्री, नाटक कंपन्यांचे पडदे रंगवणारे. ते आणि त्यांचे चुलतभाऊ आनंदराव, दोघांना सिनेमाचं खूळ लागलं, आनंदराव १९१६ मध्ये गेले, बाबूरावांनी तरी सोडलं नाही आणि कोल्हापुरातच स्वतः कॅमेरा तयार केला. कॅमेरा विकत आणला नाही, केला, हे लक्षात घ्या. कंपनीला पैसा दिला गायिका तानीबाई कागलकर यांनी. म्हणजे आपल्या ह्या 'चित्रपटसृष्टीच्या माहेरघरा'चा पाया एका गाणाऱ्या बाईच्या पैशावर आहे, हे भाषणात कोण सांगत नाही, सांगायला पायजे. महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली आणि ७ फेब्रुवारी १९२० ला पुण्यात आर्यन थिएटरला 'सैरंध्री' लागला. कीचकवधाची गोष्ट. भीम बाळासाहेब यादव, कीचक झुंजारराव पवार. तो वध पडद्यावर एवढा खरा वाटला की सेन्सॉरनं तेवढा भाग काढायला लावला. लोकमान्य टिळकांनी सिनेमा बघून बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हटलं, आणि त्यानंतर सहा महिन्यांच्या आत टिळक गेले.

आता बायका. फाळक्यांना 'राजा हरिश्चंद्र'साठी तारामती करायला बाई मिळाली नव्हती, शेवटी हॉटेलच्या भटारखान्यात काम करणारे अण्णा साळुंके साडी नेसून उभे राहिले, हा किस्सा सगळ्यांना पाठ आहे. बाबूरावांनी मात्र 'सैरंध्री'त बायकाच घेतल्या. गुलाबबाई आणि अनसूयाबाई. पडद्यासाठी त्यांची नावं बदलली, गुलाबबाईंची कमलादेवी झाली आणि अनसूयाबाईंची सुशीलादेवी. सिनेमात काम केलं म्हणून त्यांच्या लोकांनी त्यांना वाळीत टाकलं, राहायला जागा राहिली नाही, मग त्या कंपनीच्या आवारातच राहिल्या, असं सिनेमाच्या इतिहासात सांगतात. एका ओळीत सांगतात आणि पुढच्या ओळीत परत बाबूरावांचा कॅमेरा सुरू होतो.

मला ह्यात एक गोष्ट फार लागते. सैरंध्री हे द्रौपदीचं खरं नाव नाहीच. अज्ञातवासात विराटाच्या घरी राहताना तिनं घेतलेलं नाव ते. दुसऱ्याच्या वाड्यात राहायचं, राणीचे केस विंचरायचे, आपण कोण ते कुणाला कळू द्यायचं नाही. आणि ही गोष्ट पडद्यावर कोण करतंय तर ज्यांचं स्वतःचं नाव बदललंय, घरच्यांनी दार लावलंय आणि ज्या कंपनीच्या कंपाउंडात मुक्कामाला आहेत अशा बायका. द्रौपदीला अज्ञातवास एक वर्षाचा होता, वर्षाच्या शेवटी नाव परत मिळालं.

'सैरंध्री' आज नाही. एक रीळ नाही. हे काही आपल्याच वाट्याला आलेलं नाही हेही सांगतो, नाहीतर लगेच सुरू होतं की आपल्या लोकांना कशाची किंमत नाही म्हणून. त्या काळची फिल्म नायट्रेटची, म्हणजे पेट घ्यायला टपलेली, एकदा लागली की पाण्याखाली पण विझत नाही. पेटली नाही तर आपोआप सडते, आधी चिकट होते मग तिची पावडर होते. त्यात फिल्मवर चांदी असायची, सिनेमा चालून उतरला की प्रिंट भंगारात, चांदी काढायला. १९३१ मध्ये बोलपट आल्यावर तर मूकपटाला कुत्रं विचारेना. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट झाले, त्यातले अर्धेमुर्धे, तुकडे धरून आज हाताशी तीसएक. अमेरिकेत एवढा पैसा, तिथल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं २०१३ मध्ये मोजदाद छापली तर जवळजवळ अकरा हजार मूकपटांपैकी मूळ रूपात धड राहिलेले फक्त १४ टक्के. आणि जपून ठेवायला म्हणून नेलेलं सुद्धा जातं. २००३ च्या जानेवारीत पुण्याला प्रभातच्या जुन्या आवारात नायट्रेटच्या कोठाराला आग लागली, जे वाचलं होतं त्यातलं बरंच त्या दिवशी गेलं.

बाबूरावांचं 'सावकारी पाश', १९२५ चं, शेतकऱ्याची जमीन सावकार खातो ती गोष्ट, व्ही. शांताराम तरुण शेतकरी आणि आपली कमलादेवी त्यात आहे. तेही गेलं. त्याच्याबद्दल पुढं स्वतः सिनेमे काढणाऱ्या जेबीएच वाडियांनी लिहून ठेवलेली आठवण आहे, अंधारी झोपडी आणि बाहेर रडणारं कुत्रं. सिनेमा मुका. तरी त्यांना त्या कुत्र्याचं रडणं लक्षात राहिलं. एवढ्यावरनं कळतं काय ताकदीचं काम होतं.

तर रीळ जाणं समजू शकतो. त्यात रसायनाचा दोष आहे, पैशाचा आहे, नशिबाचा आहे. माझं भांडण पुढचं आहे. रीळ गेलं तर माणूस पण जायलाच पायजे असं कुठं आहे?

अमेरिकेतलीच एक बाई घ्या, थीडा बारा. खरं नाव थिओडोसिया गुडमन, सिनसिनाटी गावची. आधी नाटकात कामं केली, न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर, तिथं फार काय जमलं नाही, मग तिशीजवळ सिनेमात आली आणि अशी पेटली की विचारू नका. तिचंही नाव कंपनीनं बदललं, वर जाहिरातवाल्यांनी थाप ठोकली की ही इजिप्तमध्ये जन्मली. १९१७ ला तिचा 'क्लिओपात्रा' आला, प्रचंड खर्चाचा. १९३७ मध्ये न्यूजर्सीत फॉक्स कंपनीच्या गोदामाला आग लागली आणि तिचे बहुतेक सगळे सिनेमे जळाले. 'क्लिओपात्रा'चे काही सेकंद तेवढे उरलेत. पण तिला आज जग ओळखतं, का, तर त्या सिनेमाचे फोटो ढिगानं आहेत, जाहिराती आहेत, तिच्या मुलाखती छापलेल्या आहेत, तिचं घर कुठलं आईबाप कोण सगळं लिहिलेलं आहे. फिल्म जळाली आणि कागदानं तिला राखलं.

आणि आपल्याकडंही असं उदाहरण आहे की. फाळक्यांचा दुसरा सिनेमा 'मोहिनी भस्मासुर', १९१३ चा. त्यात पार्वती केली दुर्गाबाई कामत यांनी, नवऱ्यापासनं वेगळ्या होऊन लेकीला घेऊन नाटकात आलेली बाई, आणि मोहिनी केली त्यांच्या लेकीनं, कमलाबाईंनी, वय तेरा-चौदा. दोघी नाटकातल्या. तो सिनेमा आज बघायला मिळत नाही. पण कमलाबाई गोखले म्हटलं की लोकांना कळतं, कारण मुलगा चंद्रकांत गोखले नट, नातू विक्रम गोखले नट, घरात ह्या गोष्टीची लाज नव्हती, उलट अभिमान होता. म्हातारपणी त्यांच्यावर रीना मोहन यांनी माहितीपट केला, त्यात बाई स्वतः बोलतात आणि बोलतात म्हणजे काय, फटाक्यासारख्या. सिनेमा गेला तरी बाई राहिली. गुलाबबाईंच्या वाट्याला असं घर आलं नाही.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की हरवलेला मूकपट आणि हरवलेली बाई ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सिनेमा काळानं नेला. बाई आपण घालवली, घराघरातनं, एकेक फोटो कापून, एकेक ट्रंक रद्दीत घालून. आणि पैसा आणि डोकं कुठं लावायचं हे ठरवताना हा फरक लक्षात ठेवला पायजे, कारण काळानं नेलेलं आणता येत नाही पण ट्रंका अजून काही घरात माळ्यावर आहेत.

आमच्या गावाचं कसं आहे, इमारत म्हटलं की आम्ही छाती पुढं काढून उभे. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती, खासबागेच्या, म्हणजे कुस्तीच्या मैदानाच्या बाजूनं ज्वाळा दिसत होत्या आणि मोठमोठी माणसं रस्त्यावर रडत होती. मी पण रडलो, खोटं कशाला बोलू, तिथं शाळेत असताना बालनाट्यात झाड झालो होतो मी. शाहू महाराजांनी उभारलेलं थिएटर, रडू येणारच. लगेच निधी जाहीर झाले. जयप्रभा स्टुडिओच्या विक्रीची बातमी आली तेव्हा २०२२ ला कलाकार रस्त्यावर बसले. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, तिथं दरवर्षी हार पडतो. हे सगळं चांगलंच आहे, माझी तक्रार नाही. पण कॅमेऱ्याला हार घालायचा आणि कॅमेऱ्यासमोर जी उभी राहिली तिचा एक धड फोटो, चार ओळी माहिती, कुठं राहिली, पुढं काय झालं, हे गावात एका जागी बघायला मिळत नाही, ह्याचं कुणाला काय वाटत नाही. इमारत आपली वाटते. बाईबद्दल मात्र 'आमच्या घरातली म्हणायची नाही'.

आता लोक काय म्हणतील ते मला माहीत आहे, कारण दुकानात बसून मी हे चार जणांशी बोललोय. एक म्हणाला, रस्त्याला खड्डे बघ आधी, पंचगंगेचं पाणी बघ, मग मूकपटातल्या बायका शोध. ह्याला मी उत्तर देत बसत नाही. खड्ड्यांचं बजेट वेगळं आहे आणि खड्डे ते पण संपवत नाही.

पण पाण्याचं त्यानं काढलं ते बरं केलं. २०१९ चा पूर उतरला तेव्हा शाहूपुरी कुंभार गल्लीकडनं, दुधाळीकडनं लोक ओले अल्बम घेऊन यायचे. आठवतं तुम्हाला, घराघरासमोर गाद्या आणि कपाटं पडलेली. ओले फोटो एकमेकाला चिकटून वीट झालेली असायची. ते सोडवायची एक पद्धत असते, स्वच्छ पाण्यात परत भिजत घालायचे आणि एकेक हळू सुटा करायचा, घाई केली की चेहरा शेजारच्या फोटोला चिकटून निघून येतो. दीड महिना आम्ही तेच करत होतो, बायको आणि मी. २०२१ ला परत तेच. किती घरांनी आणलेच नाहीत, तसेच कचऱ्याच्या ट्रॉलीत गेले. म्हणजे ज्या ट्रंकांचं मी म्हणतोय त्या काय अमरपट्टा घेऊन आलेल्या नाहीत, दर दोन-चार वर्षाला नदी येऊन त्यातल्या काही घेऊन जाते. एआयचा सिनेमा पुढच्या वर्षी केला तरी चालतो, दहा वर्षांनी केला तर जास्त चांगला होईल. माळ्यावरचा फोटो थांबत नाही.

दुसरा आक्षेप जड आहे, आणि तो घेणारा माझाच मित्र, वकील आहे. तो म्हणाला, घरच्यांना नको असेल तर तू कोण सांगणारा? फोटो त्यांचा, बाई त्यांच्या घरातली, त्यांना झाकायचं असेल तर झाकू दे. शिवाय त्या काळात नाटकात, गाण्यात, सिनेमात गेलेल्या किती जणींना कुठल्या परिस्थितीत जावं लागलं, लोकांनी काय काय नावं ठेवली, ते सगळं उकरून तिच्या पणतीच्या लग्नात अडचण करणार काय तू?

ह्याच्यावर मी बरेच दिवस विचार केला. त्याचं निम्मं बरोबर आहे. लग्नं अजून मोडतात अशा गोष्टींवरनं, हे आपण नाकारून उपयोग नाही, मोठी भाषणं ठोकणाऱ्याच्या घरात सुद्धा स्थळ बघताना चौकशी होते. पण ह्यात एक माणूस आपण विचारातच घेत नाही, ती बाई स्वतः. फोटो काढताना ती कडेला का होईना उभी राहिलीय, तिनं खुर्चीवर हात ठेवलाय, ती बघतीय. भावानं तिला त्या फोटोत उभं करून घेतलंय, हेही विसरू नका, म्हणजे निदान त्या दिवशी ती घरातली होती. तिला काढायचा हक्क पणतूला आहे तर राहायचा हक्क तिला नाही? माझ्या मते ह्यातनं एक साधा मार्ग निघतो. घ्या आणि बंद ठेवा. फोटो, पत्रं, हँडबिलं, जे असेल ते स्कॅन करायचं, मागं नाव लिहायचं, आणि घरच्यांनी सांगितलं वीस वर्षं दाखवू नका तर वीस वर्षं कुलपात. त्यांनी सांगितलं आमचं नाव लावू नका, तर नका लावू. कुलूप पुढच्या पिढीला उघडता येतं. पुसून टाकलेलं उघडायला काय उरत नाही.

कुणी करायचं? महापालिकेनं की विद्यापीठानं ह्यावर दहा वर्षं बैठका होतील, चहा-बिस्किटं होतील. मला वाटतं पेठापेठांतनं सुरू व्हावं. तालमी आहेत की. शेकडो मंडळं आहेत गणपतीला, प्रत्येकाकडं पोरं आहेत ज्यांच्या खिशात माझ्या जुन्या स्कॅनरपेक्षा भारी कॅमेरा आहे. एआयच्या सिनेमाला जी वर्गणी काढणार होता ना, तेवढ्यात एका पेठेतले सगळे माळे खाली उतरतील. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासनंचं आहे, आपल्या गावात पुराभिलेखागार आहे, मोडी वाचणारी माणसं अजून आहेत, म्हातारी होत चाललीत पण आहेत. पोरांनी गोळा करायचं, जाणत्यांनी वाचायचं. आणि प्रश्न विचारताना आजोबांना नाही विचारायचं, आजीला विचारायचं. आजोबा कुस्त्या सांगतात. कोण कुणाकडं राहायला होती, कुणाशी बोलायचं बंद केलं होतं, कुणाचा फोटो पाटाखाली ठेवला होता, हे आजीला माहीत असतं.

कागद टिकतो ह्याचा पुरावा बाबूरावांनीच देऊन ठेवलाय. १९२४ चा 'कल्याण खजिना', त्याला लंडनच्या वेम्बली प्रदर्शनात पदक मिळालं होतं. तो सिनेमा आज नाही. त्याचं पोस्टर आहे, बाबूरावांनी केलेलं. पडदा गेला, फिल्म गेली, पोस्टर राहिलं. असं एखादं हँडबिल कुणाच्या तरी घरात दिवाळीच्या रांगोळीच्या डब्यात खाली अंथरलेलं असणार, मी पैजेवर सांगतो, माझ्याकडं फ्रेम करायला आलेल्या फोटोंच्या मागं पुठ्ठा म्हणून काय काय निघतं ते बघायला या एकदा. जुन्या नाटकांच्या जाहिराती निघतात, लग्नपत्रिका निघतात, एकदा तर खासबागेतल्या कुस्तीचं पोस्टर निघालं. लोक म्हणतात पुठ्ठा टाकून द्या.

आता एआयचं. मी एआयच्या विरोधात आहे असं समजू नका, माझं निम्मं दुकान सध्या त्यावर चालतंय. लोक वारलेल्या वडिलांचा फोटो आणतात, म्हणतात हसवून द्या, मान हलवून द्या, मी देतो, पाचशे रुपये. बायका रडतात बघून. ते मी चुकीचं मानत नाही, कारण त्या लेकीला वडील कसे हसायचे ते माहीत आहे, तिच्या डोक्यात खरा माणूस आहे, माझा व्हिडिओ नुसता निमित्त. 'सैरंध्री'चं उलटं आहे. बघणाऱ्या एकालाही गुलाबबाई कशा चालायच्या, कशा रागवायच्या ते ठाऊक नाही. मशीन काय करणार, तर आजच्या सिरियलमधल्या शंभर सुनांचा चेहरा घोटून एक गुळगुळीत बाई तयार करणार, भुवया कोरलेल्या, आणि आपण तिला गुलाबबाई म्हणणार. पोरं ते बघून मोठी होणार. मग उद्या एखाद्या ट्रंकेतनं खरा फोटो निघाला, सावळी, रुंद चेहऱ्याची, बाबूरावांना जी खरी वाटली ती बाई, तर लोक म्हणतील छे, ही नव्हे, आम्ही बघितलीय गुलाबबाई. बाईला पुसायचं काम मी दहा मिनिटांत केलं होतं, हे त्याच्या पुढचं. तिच्या जागी दुसरी उभी करायची. आणि त्याचं यश कशात, तर कळतच नाही ह्यात.

करायचंच असेल तर करा, लोकशाही आहे, पण त्याला 'सैरंध्री' म्हणू नका, 'परत आला' तर बिलकूल म्हणू नका. दुसरं नाव द्या, पहिल्या पाटीवर लिहा की हे मशीननं केलंय, चेहरे कल्पनेतले आहेत. आणि त्याच पाटीवर मोठ्या अक्षरात गुलाबबाई, अनसूयाबाई, तानीबाई कागलकर ही नावं येऊ द्यात, देवी लावून नाही, जशी होती तशी. एवढी अट मानणार असाल तर वर्गणीचे हजार रुपये माझे.

तो फोटो सांगायचा राहिला. गृहस्थ नवी फ्रेम घेऊन गेले पण मूळ फोटो टेबलावरच राहिला. दोन दिवसांनी फोन केला तर म्हणाले, असू दे हो, आता काय करायचं त्याचं, टाकून द्या. मी म्हटलं ठेवू का माझ्याकडं, तर म्हणाले ठेवा की, फक्त दुकानात लावू नका. लावलेला नाही. ड्रॉवरमध्ये आहे, कुणाला दाखवत नाही, आणि ही कुणी मोठी नटी होती असाही माझा दावा नाही, कुठल्या तरी फिरत्या कंपनीत चार वर्षं गवळण झाली असेल, मला काय माहीत. स्कॅनिंगला ठेवला होता तेव्हा मी पुढचीच बाजू बघितली होती. परवा उलटा केला तर मागं पेन्सिलीनं दोन ओळी आहेत, फिक्या, मोडीत. मला मोडी येत नाही. मंगळवार पेठेत एक गुरुजी आहेत, ऐंशीच्या वर वय, त्यांना येते. आधी गृहस्थांना फोन केला, म्हटलं नुसतं वाचून घेतो, कुणाला सांगत नाही. थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "वाचून घ्या. आणि मला पण सांगा काय लिहिलंय ते." सोमवारी दुकान बंद असतं, तेव्हा जाणार आहे.